छत्रातील शाळा

लहान मुलांच्या शिक्षणाविषयी बोलताना दोन गोष्टींचा अलीकडे वारंवार एकत्र उच्चार होतो. मुलांनी केवळ पाठांतर न करता हातांनी काही करून शिकावे, वर्गातच एखादा छोटा उद्योग अंगावर घ्यावा, ही एक. मुलांना लहान वयातच देण्याची सवय लागावी, ही दुसरी. मग एखाद्या शाळेतील मुले घरून मूठ मूठ तांदूळ आणतात, तो मापतात, वहीत त्याची नोंद करतात आणि सर्वजण मिळून तो जवळच्या अनाथाश्रमास नेऊन देतात. गणित, लेखन आणि समाजशास्त्र यांचा अभ्यास एकाच कामात साधतो असे शिक्षक सांगतात, आणि ते खोटे नाही. परंतु तो तांदूळ शिजून ज्याच्या पानात पडतो तोही मुलगाच असतो आणि तोही त्याच वेळी काही शिकत असतो. देणाऱ्या मुलास कोणता धडा मिळाला याची चर्चा पुष्कळ होते. घेणाऱ्या मुलास कोणता मिळाला, हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

हा प्रश्न ज्या प्रदेशात दोनशे वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष व्यवहारात वावरला आणि ज्याच्या खुणा कागदोपत्रीही उरल्या, असा प्रदेश म्हणजे कावेरीच्या मुखाकडील तंजावर. मराठी वाचकास हे नाव परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात तेथे भोसल्यांची गादी स्थापिली आणि १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत मराठी ही त्या दरबाराची एक भाषा होती. तंजावरच्या राजांनी आणि विशेषतः त्यांच्या राण्यांच्या नावे रामेश्वरच्या यात्रामार्गावर अनेक छत्रे बांधली गेली. महाराष्ट्रात ज्यास अन्नछत्र किंवा धर्मशाळा म्हणतात, त्या दोहोंचा संगम या छत्रांत झालेला असे. नीडामंगलम् येथील यमुनांबाळ छत्र आणि तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे १८०२ च्या सुमारास सरफोजी राजाने बांधविलेले मुक्तांबाळ छत्र ही त्यांपैकी प्रसिद्ध होत.

या छत्रांत काय चाले याचे सर्वांत तपशीलवार वर्णन सरफोजीनेच १८०१ साली केलेले आहे. ते त्याने कोणत्या प्रसंगी केले हेही ध्यानात घेतले पाहिजे. १७९९ च्या तहान्वये त्याने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला होता. किल्ला, त्याभोवतीचा थोडा परिसर आणि वसुलातील ठराविक हिस्सा एवढेच त्याच्याकडे उरले होते. छत्रांना लावून दिलेली गावे कंपनीच्या हिशेबात गडप होतील या चिंतेने त्याने तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पत्र लिहिले. तेव्हा ते एका परीने वकिली पत्र आहे, आणि वकिली पत्रात स्वतःच्या बाजूचे चित्र उजळ रंगविले जाणारच. एवढे लक्षात ठेवूनही त्यातील मजकूर विलक्षण आहे.

छत्रात ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत सर्व वाटसरूंना, तसेच जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना भात मिळे. शिजलेले अन्न ज्यांना चालत नसे त्यांना शिधा मिळे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून, ज्यांना अद्याप अन्न मिळाले नसेल त्यांनी यावे असा पुकारा होई. आजारी वाटसरूस औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, बाळंतिणीची व्यवस्था होई, तान्ह्या मुलांस दूध मिळे. प्रत्येक छत्रात चार वेदांसाठी चार अध्यापक आणि त्यांखेरीज एक पंतोजी नेमलेला असे. रोग, सूज आणि सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्यही असत.

यानंतर पत्रात मुलांचा उल्लेख येतो. परगावाहून आलेली पोरकी मुले छत्रातील पंतोजीच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण आणि चार दिवसांतून एकदा तेलाने न्हाऊ घालणे ठरलेले होते. लागेल तेव्हा औषध व वस्त्रेही दिली जात. ज्या विद्येची आवड मूल बोलून दाखवील ती विद्या त्यास शिकवीत, आणि ती पुरेशी आत्मसात झाली म्हणजे त्याच्या लग्नाचा खर्चही छत्र करी.

या यादीत तेलाच्या न्हाणाचा उल्लेख आहे, याची नोंद घेण्याजोगी आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यास पटवून द्यायचे असते तर जेवणाचा आणि अध्यापकांचा उल्लेख पुरेसा होता. चार दिवसांनी अभ्यंग ही गोष्ट धर्मादायाच्या हिशेबात बसत नाही. ती घरातील मुलासाठी आई करते. त्याचप्रमाणे आवडीची विद्या निवडण्याची मुभाही धर्मादायात बसत नाही. ज्यास जे मिळेल ते घ्यावे लागते त्यास आवड विचारण्याची पद्धत जगात कोठेच फारशी नव्हती. पुढील काळातील अनेक अनाथालयांत तर मुलाने सुतारकाम शिकावे की शिंपीकाम, हे मुलास न विचारता ठरत असे.

सरफोजीस हे कोठून सुचले असावे? त्याच्या बालपणाकडे पाहिले म्हणजे काही उलगडा होतो. १७७७ साली जन्मलेल्या या मुलास तुळजाजी राजाने १७८७ साली मृत्यूपूर्वी दत्तक घेतले. परंतु गादी तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह याच्याकडे गेली आणि दत्तक मुलगा जवळजवळ कैदेत पडला. त्यास शिकविण्याची कसलीही व्यवस्था नव्हती. तंजावरात राहणारा जर्मन पाद्री ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ याने त्याबद्दल कंपनीकडे तक्रारी केल्या. अखेर १७९३ साली मुलास मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे पाद्री गेरिके याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. १७९८ साली तो गादीवर बसला, त्याच वर्षी श्वार्ट्झ निवर्तला. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून सरफोजीने करविलेले श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील वृद्धाचा हात धरून राजा उभा आहे आणि पलंगाजवळ शाळेतील मुले आहेत. राजपुत्र असूनही ज्याचे शिक्षण दुसऱ्याच्या कृपेवर अवलंबून राहिले, त्याने पोरक्या मुलांचा विचार या बारकाईने करावा हे नवल नव्हे.

आता शिकविण्याच्या रीतीकडे वळू. त्या काळी तंजावरच्या गावोगाव घरांच्या ओट्यांवर शाळा भरत. ओट्यास तमिळमध्ये तिण्णै म्हणतात, त्यावरून या शाळांस तिण्णैप्पळ्ळी हे नाव पडले. मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो याने १८२२ साली सुरू केलेल्या चौकशीत एकट्या तंजावर जिल्ह्यात अशा ८८४ शाळा आणि १०९ उच्च विद्यापीठे नोंदली गेली. मुलींचे प्रमाण अत्यल्प होते.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे, तशी येथे वाळू. नवे मूल वाळूवर बोटाने अक्षर गिरवी आणि हात बसल्यावर ताडपत्र व लोखंडी लेखणी त्याच्या हाती येई. अंकगणिताची पुस्तके मात्र खास त्या मातीतील होती. भाताच्या मापांची उजळणी असलेले ‘नेल् इलक्कम’ मुलांना मुखोद्गत करावे लागे. आठ पडींचे एक मरक्काल आणि बारा मरक्कालांचे एक कलम. मराठी मुलास शेर, पायली, मण, खंडी जसे पाठ असत तसेच हे. पायलीच्या उजळणीस पाऊणकी-निमकीची जोड असावी त्याप्रमाणे तमिळ मुले अपूर्णांकांची अतिसूक्ष्म कोष्टकेही म्हणत. तंजावर हे भाताचे कोठार. मुलाच्या घरी मळणीनंतर खळ्यावर भाताच्या वाटण्या होत. देवळाचा वाटा, धन्याचा वाटा, न्हाव्या-सुताराचा वाटा, आणि पंतोजीचाही वाटा. शाळेत घोकलेला हिशेब मूल तेथे उघड्या डोळ्यांनी पाही. हा हिशेब म्हणजे गावात कोणी कोणास किती द्यावे याचीच मोजदाद होती. त्यातील अन्यायही त्याच मापांनी मोजला जाई, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या मजुराने भात कापले त्याच्या मुलास या ओट्यावर बहुधा जागा नव्हती.

नवरात्रात या शाळांतील मुले नटूनथटून, रंगीत टिपऱ्या वाजवीत, गाणी म्हणत घरोघर फिरत. मिळालेले पैसे व धान्य पंतोजीस जाई. मुलांच्या दृष्टीने तो खेळ होता, पंतोजीच्या दृष्टीने वर्षाची मुख्य प्राप्ती होती, आणि गावाच्या दृष्टीने शाळेने वर्षभरात काय शिकविले याची ती परीक्षाच होती. महाराष्ट्रात दसऱ्याच्या पाटीपूजनास असाच थोडा रंग असे. देण्याघेण्याच्या व्यवहारात मुले येथे मध्यस्थ होती आणि त्यात त्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्यांनी गाणे दिले होते.

या शाळांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे मोठ्या मुलाने लहानास शिकविणे. पंतोजीच्या गैरहजेरीत चट्टाम्पिळ्ळै नावाचा पुढारी विद्यार्थी वर्ग सांभाळी. मद्रासमध्ये १७८९ पासून लष्करी शिपायांच्या पोरक्या मुलांचे आश्रमगृह चालविणारा अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री असाच एका ओट्यावरील शाळेवरून जात असता त्याने वाळूवर लिहिणारी मुले पाहिली. त्याच्या शिक्षकांना ही रीत पसंत पडेना, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलाकडेच लहानांचा वर्ग सोपविला, आणि तो प्रयोग यशस्वी झाला. इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये बेलने त्याचा अहवाल छापला. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या तशाच पद्धतीशी स्पर्धा करीत ही ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर आणि तेथून जगभर पसरली.

तथापि प्रवासात तिचे रूप पालटले. ओट्यावर वीसपंचवीस मुलांत जे सहज घडे ते इंग्लंडच्या धर्मादाय शाळांत एका दालनात शेकडो मुले कोंबून, एका शिक्षकाच्या पगारात भागविण्याचे साधन बनले. दात्यांना ती स्वस्त वाटली, हेच तिच्या प्रसाराचे मोठे कारण होते. गरिबांच्या मुलांना वाचता यावे, परंतु फार काही येऊ नये, असे मत बेलने स्वतःच नोंदविलेले आहे. छत्रातील पोरक्या मुलास आवड विचारली जात होती आणि लंडनमधील गरीब मुलास त्याची पायरी दाखविली जात होती. दोन्ही ठिकाणी दानच चालले होते.

सरफोजीच्या शाळांत जुन्या विद्यांबरोबर नव्या विद्याही आल्या. ‘नवविद्या’ हा त्याचा आवडता शब्द होता. त्याने राजवाड्यात देवनागरी टाइपांचा छापखाना घातला. इसापाच्या कथांचे सख्खन पंडिताने केलेले मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तेथे १८०६ साली छापले गेले. मुंबईत शाळापुस्तक मंडळी १८२२ साली स्थापन झाली, हे लक्षात घेता मराठी मुलांसाठी छापील पुस्तक कावेरीकाठी दीड दशकाहून अधिक आधी निघाले, ही आपल्याकडे म्हणावी तशी परिचित नसलेली घटना आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात सरफोजीने जगाचा भूगोल घातला. कुरवंजी म्हणजे डोंगरी जमातीची भविष्य सांगणारी स्त्री. तमिळ रंगभूमीवर ती नायिकेचा हात पाहून गावे, नद्या, पर्वत यांची वर्णने करते. सरफोजीची कुरवंजी मात्र युरोप, आफ्रिका, अमेरिका खंडांतील देशांची नावे सांगते. नकाशासमोर छडी घेऊन उभ्या राहणाऱ्या मास्तरापेक्षा हा मार्ग पुष्कळच रंजक म्हटला पाहिजे.

राज्य खालसा झाल्यावर छत्रे प्रथम सरकारच्या आणि नंतर जिल्हा बोर्डाच्या ताब्यात गेली. इमारती राहिल्या, उत्पन्नही राहिले, परंतु मूळ पत्रातील ‘सर्वांना’ हा शब्द व्यवहारात आक्रसला. जेवणाच्या पंक्ती आणि पाठशाळा मुख्यतः ब्राह्मणांच्याच वाट्यास येऊ लागल्या. १९२० च्या दशकात ए. टी. पन्नीरसेल्वम् हे जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष असताना छत्रांचे उत्पन्न पुन्हा शिक्षणाकडे वळले. ओरत्तनाडूच्या छत्रातून गरीब ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांची राहण्याजेवणाची सोय झाली आणि तिरुवैयारूच्या संस्कृत महाविद्यालयात तमिळच्या अध्ययनास स्थान मिळाले. दात्याच्या मृत्यूनंतर शतकाने त्याच्या दानाचा अर्थ असा पुन्हा लावावा लागला.

नेमक्या याच सुमारास महाराष्ट्रात त्याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर घडत होते, आणि ते तंजावरच्या शेजारी ठेवून पाहिल्याने बरेच काही स्पष्ट होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. त्यासाठी घरोघरच्या बायका दळणातून मूठ मूठ धान्य बाजूस काढून ठेवीत. त्यास मुष्टिफंड म्हणत. तमिळनाडूत अशाच पद्धतीस ‘पिडि अरिसि’, म्हणजे मूठभर तांदूळ, हे नाव आहे. परंतु साताऱ्याचा मुलगा ते धान्य बसून खात नव्हता. तो दळीत होता, स्वयंपाक करीत होता, शेतात राबत होता, आणि ज्याच्या सावलीचा त्याच्या आजोबांना विटाळ होई त्याच्या शेजारी बसून जेवीत होता. लक्ष्मीबाई पाटलांनी या मुलांसाठी आपले दागिने मोडले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मुलांनाही ती ठाऊक होती. कमवा आणि शिका या नावाने जी पद्धत पुढे प्रसिद्ध झाली तिच्यात शारीरिक श्रमांचे अर्थशास्त्र होतेच, पण घेणाऱ्या मुलाची मान खाली जाऊ नये ही दक्षताही होती. सरफोजीने ती आवड विचारून घेतली, भाऊरावांनी काम देऊन.

स्वातंत्र्यानंतर मद्रास राज्यात हाच प्रश्न लाखो मुलांच्या संदर्भात उभा राहिला. मुख्यमंत्री कामराज यांच्या कारकिर्दीत १९५६ पासून प्राथमिक शाळांत दुपारच्या जेवणाची योजना सुरू झाली. प्रथम तिचा भार गावकऱ्यांच्या देणग्यांवर होता आणि नंतर सरकारने मोठा वाटा उचलला. शिक्षण संचालक ने. दु. सुंदरवडिवेलु यांनी त्याच दशकात गावोगाव शाळासुधार परिषदा भरविल्या. त्यांत कोणी पाट्या, कोणी बाक, कोणी कपडे, कोणी जमीन दिली. शाळा ही गावाची वस्तू झाली, हा त्यांचा मोठा लाभ. परंतु गावाच्या दानावर चालणारे जेवण गावाच्या मर्जीवर चालते आणि सुगी बुडाली की चूल विझते. १९८२ च्या जुलैत एम. जी. रामचंद्रन यांनी पोषक आहार योजना शासकीय खर्चाने व्यापक केली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा ते अन्न दान या सदरातून निघून हक्क या सदरात आले.

या प्रवासातील सर्वांत दुःखद पान तंजावर जिल्ह्यातच लिहिले गेले. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम् येथील एका शाळेत जेवण शिजविण्याच्या जागेतील आगीने गवताचे छप्पर पेटले आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. अरुंद जिना आणि ज्वालाग्राही छप्पर असलेल्या जागेत शेकडो मुले कोंबलेली होती. बेलच्या इंग्लंडातील वारसांची स्वस्ताई येथे वेगळ्या वेषात आली होती असे म्हटल्यावाचून राहवत नाही. या दुर्घटनेमुळे दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला.

त्याच काळात तमिळनाडूच्या वर्गखोल्यांतील शिकविण्याची रीतही बदलत होती. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत सिद्ध झालेली पद्धत २००३ मध्ये चेन्नई महापालिकेच्या काही शाळांनी घेतली आणि २००७ पासून ती राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली. पहिली ते चौथीची मुले चटईवर गोलाकार बसत. भिंतीच्या खालच्या भागात प्रत्येकाच्या उंचीचा फळा असे, आणि मूल ‘शिडी’वरील आपली पायरी पाहून तिचे कार्ड स्वतः फळीवरून आणी, काम पुरे करी आणि कार्ड जागेवर ठेवून पुढचे घेई. पुढे गेलेले मूल मागच्यास साहाय्य करी. ओट्यावरील चट्टाम्पिळ्ळै असा दोन शतकांनी वर्गात परतला, छडीवाचून. या पद्धतीवर टीकाही झाली. कार्डे फाटतात, शिक्षक अपुरे, आणि एकाच ठशाच्या कार्डांत मुलाच्या आवडीस वाव किती, हे आक्षेप अगदीच निराधार नव्हते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांच्या न्याहारी योजनेचा राज्यभर विस्तार झाला. त्याचा आरंभ तिरुक्कुवळै या गावी झाला, जे पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यातील आहे. सकाळी उप्पुमा, खिचडी किंवा पोंगल शाळेतच शिजते आणि मुले रांगेत बसून खातात. त्याच वर्षी सप्टेंबरात करूर जिल्ह्यातील एका शाळेत निराळाच प्रसंग घडला. तेथे न्याहारी करणारी स्त्री दलित होती, म्हणून काही पालकांनी आपल्या मुलांना ती खाऊ दिली नाही. अन्न सरकारचे होते, हक्काचे होते, आणि फुकटही होते. जिल्हाधिकारी त्या शाळेत गेले, पालकांशी बोलले आणि त्या बाईंच्या हातची न्याहारी त्यांनी तेथेच खाल्ली.